सहावा दगड

आमच्या वसाहतीच्या कमानीवर 'लेक व्ह्यू पार्क' असं लिहिलेलं आहे. घरं बत्तीस. त्यांतल्या चार घरांतून तळं दिसतं, उरलेल्यांना समोरच्याची पाण्याची टाकी दिसते. तरी फोनवर पत्ता सांगताना सगळेच "तळ्याकाठी राहतो आम्ही" असं सांगतात. मीही सांगते. माझ्या घरातून तळ्याचा एक तुकडा दिसतो, पण त्यासाठी गच्चीवरच्या टाकीवर चढावं लागतं, आणि गुडघे दुखायला लागल्यापासून तेवढाही व्ह्यू मी सोडून दिला आहे.

सोलापुरातल्या एका सुताच्या पेढीवर मी उभा जन्म जमाखर्च लिहिला. पेढी बंद पडली, सवय बंद पडली नाही. आता माणसं मांडते, मनातल्या मनात. आमचे चेअरमन कुमारसाहेब घ्या. जमेला: कुणाच्याही घरी मयत झाली की सगळ्यांत आधी हजर, खांदा द्यायला पुढे. नावे: तिथंही दोन शब्द बोलतात. समोरची सृष्टी घ्या. जमेला: वाटीभर काही दिलं की वाटी कधी रिकामी परत करत नाही. नावे: पालीला घाबरते, विजेला घाबरते, कुत्रं रडलं तरी घाबरते. तिचा नवरा सिद्धनाथ होटगीला रेल्वेत आहे. त्याची रातपाळी असली की ही घरातले सगळे दिवे लावून झोपते. पहिलं मूल तिच्या हातचं गेलं होतं, त्यामुळे या नावेच्या बाजूला मी फार जोर देत नाही. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा सगळ्या गल्लीने श्वास सोडला.

गुरम्माचं खातं मात्र माझ्याच्याने कधी जुळलं नाही. कारण आम्ही सगळे तिच्या शेतात राहतो.

म्हणजे तिच्या मुलाने, बसवेशने, रीतसर विकलं. तो करमाळ्याला मार्केट यार्डाजवळ बियाण्यांचं दुकान चालवतो. आईलाही तिकडेच घेऊन गेला. कुणाचं काही चुकलं नाही, कुणी कुणाला फसवलं नाही. पण ज्या जमिनीत बाईने ज्वारी काढली, त्या जमिनीवर आपण कुंडीत कढीपत्ता लावतो, हे मनात कुठंतरी टोचत राहतं. म्हणून असेल, आमच्या वसाहतीने एक गोष्ट धरून ठेवली. येळवस.

मार्गशीर्षातली अमावास्या आली की आमच्या या पट्ट्यात सगळा गाव शेतात जेवायला जातो. कडब्याची खोप करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडायचे, दगडाचेच. त्यांना आंबील, शेंगभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य. वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचं, त्या दिवशी नाही म्हणायचं नसतं. आमच्याकडे शेत उरलेलं नाही, पण एक कडुलिंब उरला आहे, त्याच्याभोवती मोकळी जागा आहे, आणि त्याच्याखाली गुरम्माच्या शेतातले ते पांढरे दगड. दर येळवशीला बसवेश आईला एसटीत बसवून देतो. ती माझ्याकडे दोन रात्री राहते. खोपेपुढे हात जोडते, जेवते, जाते. कुमारसाहेब तिचा शाल देऊन सत्कार करतात. तिच्याकडे आता आमच्या इतक्या शाली झाल्या आहेत की करमाळ्यात त्यांचंही दुकान निघेल.

तिला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. मोतीबिंदू पिकले होते आणि ती ऑपरेशनला भीत होती. त्यामुळे दगडांपाशी नेऊन उभी केली की पांढरं-पांढरं दिसतंय म्हणायची, आणि समाधान मानायची. त्या पांढऱ्या-पांढऱ्यात तिचा नवराही होता ना. रेवणप्पा. लिंगायतांच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात, तेही आडवं नाही. बसवतात. रेवणप्पाला त्यांनी शेतातच, बांधावरच्या लिंबाखाली बसवलं होतं आणि वर एक दगड ठेवला होता. शेताचे प्लॉट पडले तेव्हा बसवेशने सांगितलं होतं, "पांढरे दगड आहेत ती लिंबाखालची जागा सोडा." ती सोडली. बाकी सगळं बांधलं.

गुरम्माची एकच इच्छा होती. ती तिने सगळ्या वसाहतीला सांगून ठेवली होती, लाज न बाळगता, एखादीने तिखट-मीठ मागावं तशी.

"मला काय आता हितं बसवत न्हाईत," ती म्हणायची. "वस्ती झाली. लोक नको म्हनतील आन् बरोबरच हाय. मला तिकडंच बसवतील करमाळ्याला. पन आमच्या घरात एक रीत हाय. दादल्याच्या जागेची वंजळभर माती बायकूच्या मांडीवर टाकतात. सासूला टाकली, सासूच्या सासूला टाकली. तेवडी न्यायची हाय मला."

दर वर्षी न्यायची म्हणायची, आणि दर वर्षी राहायचं. कधी पाऊस, कधी बसची घाई. गेल्या वर्षी तिने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं आणि बसमधून उतरल्या-उतरल्या मला म्हणाली, "तंगी, औंदा माती न्यायची." तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी तिच्यापेक्षा फार धाकटी नाही, पण तिने म्हटलं की बरं वाटायचं.

कुमारसाहेबांनी ऐकलं मात्र, लगेच तांब्याचा कलश मागवला. "येळवशीच्या संध्याकाळी, सर्वांच्या उपस्थितीत," ते म्हणाले. "नुसतं पिशवीत भरून द्यायचं म्हणजे बरं दिसत नाही."

"साहेब, पिशवी बी चालती मला."

"तुम्हाला चालते, आजी. आम्हाला नाही चालत."

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी गुरम्मा चुन्याचं डबडं घेऊन लिंबाखाली बसली. मी म्हटलं, माणूस येतो की ब्रश घेऊन. ती म्हणाली, "ब्रशानं भितीला लावत्यात. देवाला हातानं." मी शेजारी चटईवर बसून भज्जीसाठी वालाच्या शेंगा सोलत होते. दर वर्षीच्या त्या ब्रशवाल्याने चुन्याऐवजी कधीतरी ऑइलपेंट मारला होता, त्याचे पापुद्रे सुटले होते. ती नारळाच्या करवंटीने पापुद्रे खरवडायची, धुवायची, मग बोटांनी चुना लावायची.

पाच झाले. सहाव्यापाशी तिचा हात थांबला.

"तंगी, हे सा कसं गं?"

"पाच पांडव आणि द्रौपदी," मी म्हटलं. आम्ही सगळे तेच धरून चाललो होतो. कुमारसाहेब भाषणात द्रौपदीवर चार वाक्यं घ्यायचेच. हिशेब जुळला की माणूस पुन्हा तपासत नाही, हे मला तरी कळायला हवं होतं.

"आमच्यात द्रौपदी मांडत न्हाईत," ती म्हणाली, आणि त्या दगडाला करवंटी लावली. इतर दगड गोल, हा लांबट. रंगाचा जाड थर निघाला तशी मधे एक खोबण दिसली, गुळगुळीत, बोट घातलं तर घसरावं अशी. गुरम्माने तिच्यात अंगठा घातला आणि ओढला. पुन्हा घातला, पुन्हा ओढला.

"हे मालक हायेत," ती म्हणाली.

रोज सकाळी रेवणप्पा त्या दगडावर विळ्याला धार लावायचा. गेला तेव्हा तोच दगड त्याच्यावर ठेवला होता. मला आनंदच झाला. म्हटलं, बरं झालं, डोळे आले आणि भेट झाली. ती हसली. डोक्यावरचा पदर नीट केला, जशी कुणी घरात आल्यावर करते, आणि मान वर करून पहिल्यांदाच नीट त्या झाडाकडे बघितलं.

बुंध्यात, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एक लोखंडी कडी आहे. झाडाने ती निम्मी गिळली आहे. आमची पोरं तिला टांगून घेतात.

"ही कडी," गुरम्मा म्हणाली.

"जुनीच आहे."

"बैल बांदायची कडी हाय गं. हा हिरीवरचा लिंब हाय." तिने मान वळवली. विहीर कधीच बुजवली होती, तिथं सिमेंटचा बाक आहे. मग तळं शोधलं. "मालकांच्या लिंबाखालनं तळं डाव्या हाताला दिसायचं. हितनं दिसतच न्हाय. शेतात दोन लिंबं हुती, तंगी. दुसरा कुटं हाय?"

माझ्या मांडीवर शेंगा तशाच राहिल्या. मी इथं आले तेव्हा रस्ते झाले होते, हा एकच लिंब होता.

"हे हितं आले कसे मग?" तिने त्या लांबट दगडावर हात ठेवून विचारलं. आवाज चढला नव्हता. हरवलेल्या पोराला विचारावं तसा होता.

प्लॉट पाडताना इथं ट्रॅक्टर चालवायचा तो खाजाभाई. पलीकडच्या वस्तीत राहतो. आता त्याचा मुलगा अझरुद्दीन जेसीबी चालवतो आणि खाजाभाई दारात खुर्ची टाकून मुलाच्या जेसीबीला नावं ठेवत बसतो. मी निरोप पाठवला. दिवस मावळायला तो काठी टेकत माझ्या कट्ट्यापाशी आला. मी त्याला एवढंच सांगितलं की अम्मा दगडांचं विचारतायत. त्याचा चेहरा खुलला. बिचाऱ्याला वाटलं, शाबासकी द्यायला बोलावलंय.

"हौ अम्मा, मीच उचलले ते," तो बसत म्हणाला. "रोलर अगदी समोर आला होता. मैं बोला, ठैरो! ये देव के पत्थर हैं. तो मुकादम म्हणाला, बाजूला टाक. मी म्हटलं, टाक काय, कचरा हाय का? चप्पल काढली, टॉवेल डोक्यावर ठेवला, आणि एकेक डोक्यावरनं हितं आणला. तो बांधावरचा लिंब तर त्याच दिवशी पाडला. म्हटलं, देवाला सावली पायजे, ह्या दुसऱ्या लिंबाखाली ठेवू."

"किती हुते?" गुरम्माने विचारलं.

"छे. सहा."

"सगळे एका जागी?"

"पाच एका जागी. एक जरा बाजूला होता, अलग. मला वाटलं ढोरांच्या पायांनी सरकला आसंल." एवढं बोलून तो थांबला. काठी बाजूला ठेवली. "अम्मा... वो एक क्या था?"

"आमचे मालक," गुरम्मा म्हणाली.

"या अल्ला," तो म्हणाला. "मैं कबर का पत्थर उठाया."

"खाजा, रडू नगंस."

"मेरेकू कबर की कीमत मालूम नै क्या अम्मा? मी माझ्या बापाच्या कबरीवरचं गवतसुद्धा विचारून काढतो."

"तू देव म्हनून उचललंस. डोक्यावरनं आनलंस." ती त्याच्या पाठीवर हात फिरवत होती, म्हणजे जिचं हरवलं तीच समजूत घालत होती. "इतकी वर्सं देवात बसले की ते. चुना लागला, निवद मिळाला. कुटल्या मानसाला मिळतोय? आता येवडं सांग, कुटनं उचललास?"

खाजाभाईने हात वर केला नाही. नुसतं समोर बघितलं. रस्त्यापलीकडे सृष्टीच्या हॉलमध्ये दिवा लागला होता. ती पोरीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती, खिडकीतून जाताना दिसायची, पुन्हा दिसायची.

गुरम्माने आपल्या नव्या डोळ्यांनी बराच वेळ तिकडे बघितलं.

"खणताना काई निघालं?"

"नै अम्मा, कसम से. चार कोपऱ्यांत कॉलमचे खड्डे मीच घेतले. मधल्या जमिनीला हात लावला न्हाय, वरून मुरूम टाकला फक्त. निकलता तो मैं काम बंद करता." मग हळू म्हणाला, "वो है. जैसे के वैसे. हॉल के नीचे."

मी व्यवहाराचं बोलले. माझा स्वभावच तो. एक फरशी कोपऱ्यातली उचलायची, अझरुद्दीन सफाईने उचलेल, ओंजळभर माती काढायची आणि फरशी परत बसवायची. दुपारचं काम. फक्त सृष्टीला सांगावं लागेल.

"काय सांगायचं?" गुरम्मा म्हणाली. "तुज्या हॉलात मानूस बसलाय म्हनून?"

"चांगल्या शब्दांत सांगू."

"ह्याला चांगलं शब्द असत्यात?" ती खिडकीकडेच बघत होती. "नवरा रातचा घरात नसतो म्हनलीस ना तू?"

खाजाभाई जाताना चपला हातात घेऊन गेला. रस्ता ओलांडेपर्यंत त्याने त्या घातल्या नाहीत.

सकाळी तिने मला विचारलं, "दुपारचं जरा त्या पोरीकडं जाऊन येऊ?" ती सांगेल की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून वाचता येईना. सांगायचा तिला हक्क होता. माझ्या वहीत तर तो ठळक अक्षरांत होता. पण समोर सृष्टी दारात रांगोळी काढत होती आणि आम्हाला बघून हात हलवत होती.

येळवस झोकात झाली. खोपेसाठी कडबा होटगीकडून आला, त्यात कडब्यापेक्षा फोटो जास्त निघाले. आंबिलीला दही कमी पडलं असं ज्यांनी दही आणलं नव्हतं ते म्हणाले. पार दुसऱ्या टोकाच्या घरातली बाई पिझ्झ्याचा बॉक्स घेऊन आली, तिला कुणी नाही म्हणालं नाही, कारण त्या दिवशी नाही म्हणायचं नसतं, आणि पोरांनी तो भज्जीच्या आधी संपवला. रस्त्याने एक कुरियरवाला चालला होता, त्याला हाक मारून बसवलं. गुरम्माने स्वतः त्याला उंडा वाढला. कुमारसाहेबांनी द्रौपदीवर चार वाक्यं घेतली. मी गुरम्माकडे बघितलं. ती मान हलवून ऐकत होती.

जेवणं आटोपल्यावर ती म्हणाली, "चल तंगी."

सृष्टीने दार उघडलं आणि तिला काय करू काय नको झालं. आजी माझ्याकडे आल्या! सोफ्यावरचे कपडे उचलले, पंखा लावला, थंडी आहे म्हणून बंद केला.

"मी हितं खाली बसू का?" गुरम्माने विचारलं.

"आजी, सोफ्यावर बसा की. फरशी गार आहे."

"गारच पायजे."

तिने एकदम बसकण मारली नाही. उभी राहून खिडकीकडे बघितलं. सृष्टीचं घर त्या चार घरांतलं, तळं दिसणारं. त्या वेळी पाण्यावर ती हिवाळ्यातली पाखरं उतरली होती, लांबून सांडलेल्या तांदळासारखी दिसत होती. गुरम्मा दोन पावलं मागं सरली, जरा उजवीकडे झाली, तळं डाव्या हाताला आणलं, आणि मग बसली. मांडी घालून, पाठ ताठ, तळवे मांडीवर एकावर एक उघडे. मी आमच्या शेजारच्या लिंगायत घरातली मयत बघितली आहे. अगदी तसंच बसवतात. मला बघवेना. मी सृष्टीच्या मागं स्वयंपाकघरात गेले.

चहा उकळत होता तोवर बाहेरून तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. कानडीत. मला कानडी बाजारापुरतं कळतं. 'कण्णु' कळलं, डोळे. म्हणजे ऑपरेशनचं सांगत होती. बसवेशचं नाव आलं दोनदा. 'मने' आलं, घर.

"आजी जप करतायत का?" सृष्टीने हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं.

आम्ही चहा घेऊन आलो तेव्हा सृष्टीने किरकिरणारी पोर तिच्या शेजारी दुपट्यावर ठेवली. गुरम्माने नुसता हात ठेवला तिच्या पोटावर. पोर दोन-चार वेळा पाय झाडून झोपली.

"अगंबाई! दुपारची कधी झोपत नाही हो ही."

"हितं गार हाय, बाई. हितंच टाकत जा तिला."

सृष्टी तिच्यासमोर बसली. बशीतला चहा फुंकता फुंकता सहज म्हणाली, "आजी, आमच्या घराच्या जागी आधी काय होतं हो?"

मी कपबशी खाली ठेवली. आता ती सांगणार, असं मला वाटलं. सांगितलं असतं तर एका फरशीचा प्रश्न होता. ती बाई उभ्या आयुष्यात दुसरं काही मागत नव्हती.

"लिंब हुता," गुरम्मा म्हणाली. "लई मोटा. सावलीचा."

"आणि? म्हणजे, भीती वाटण्यासारखं काही नव्हतं ना? मी एकटी असते ना रात्री, कधीकधी वाटतं, कुणीतरी आहे घरात."

गुरम्माने तिच्या तोंडाकडे बघितलं. "आमचे मालक राखनीला बसायचे हितं," ती म्हणाली. "रात रात. पाकरू येऊ द्यायचे न्हाईत पिकावर. हितं कुनी कुनाचं वाईट केलेलं न्हाय, पोरी. वाटलं कुनी हाय, तर हाय म्हन, आन् झोप."

सृष्टी हसली. बरीच दुपार गुरम्मा तशीच बसून राहिली. निघताना भिंतीला धरून उठली, जिथं बसली होती ती फरशी पदराने पुसली, आणि सृष्टी नको-नको म्हणत असतानाही पुन्हा एकदा पुसली.

संध्याकाळी सर्वांच्या उपस्थितीत लिंबाखालची माती कलशात भरली. कुमारसाहेबांनी पहिली मूठ गुरम्माच्या हाताने घातली, दुसरी स्वतः. भाषण त्यांनी अर्ध्यात सोडलं आणि डोळे पुसले, ते खोटं नव्हतं. जमेला. खाजाभाई गर्दीच्या बाहेर उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. गुरम्मा कलशाला नमस्कार करून सगळ्यांना म्हणाली, "लई उपकार झाले बाबांनो."

दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवायला मी गेले.

"ही माती बी त्याच शेताची हाय की," ती खिडकीतून म्हणाली.

"आहेच."

"मग झालं."

पण दर वर्षी साधी कापडी पिशवीसुद्धा मांडीवर धरून बसणाऱ्या त्या बाईने तो कलश वरच्या फळीवर ठेवून दिला होता. गाडी सुटली तेव्हा तिचे दोन्ही हात मांडीवर रिकामे होते, एकावर एक, उघडे.

चैत्रात बसवेशचा फोन आला. मी आणि खाजाभाई पहाटेच्या गाडीने करमाळ्याला गेलो. कुमारसाहेब येणार होते, पण त्यांना ताप होता. त्यांनी शाल पाठवली. गुरम्माला सजवून बसवलं होतं, विभूती लावली होती, झोपेतून उठून कुणाची वाट बघत बसल्यासारखी दिसत होती. खड्ड्यात बसवल्यावर बसवेशने कलश आणला आणि माती आईच्या मांडीवर ओतली. "अप्पांच्या जागेची," तो जमलेल्यांना म्हणाला, आणि बायका रडल्या. चांगला मुलगा आहे तो. आईचं शेवटचं मागणं पुरं केलं या समाधानात त्याला राहू दिलं.

मग सगळ्यांनी माती लोटली. खाजाभाईने तीन मुठी दिल्या, त्यांच्यात देतात तशा.

परतीच्या वाटेवर टेंभुर्णीला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, आम्ही दोघं बसून राहिलो.

"दोनो अकेले बैठे हैं, बाई," तो म्हणाला. "एक उधर, एक इधर."

घरी पोचले तेव्हा अंधार पडायला लागला होता. सिद्धनाथ डबा घेऊन रातपाळीला निघाला होता. समोर सृष्टीच्या घरात एकच दिवा होता, स्वयंपाकघरात. तिला गुरम्माचं सांगायला म्हणून मी गेले. हॉलच्या मधोमध, तळं डाव्या हाताला येईल अशी, दुपट्यावर पोर झोपली होती. उकाडा होता, आणि सृष्टी तिच्याशेजारी फरशीवर बसली होती, भिंतीला न टेकता.

ऐकून तिचे डोळे भरले. "आजींनी नेली ना पण माती?" तिने विचारलं. "त्यांना हवी होती ती मिळाली ना?"

मी आयुष्यभर खाती जुळवली आहेत. एका बाजूला ती फरशी होती आणि दुसऱ्या बाजूला ती अंधारात बसलेली पोरगी.

"मिळाली," मी म्हटलं.

यातलं एक नाव मी बदललं आहे, आणि ते घर कुठल्या बाजूला आहे तेही. चार घरांतून तळं दिसतं. कुणी शोधत बसू नये.